निंबाला पाजलेलं पाणी

आमच्या दारातला निंब एका बाजूने वाळायला लागला, तेव्हा माझ्या सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आधी वाळवीला, मग विजेच्या तारांसाठी फांद्या छाटणाऱ्यांना, मग कुणाची तरी नजर लागली म्हणून अख्ख्या गल्लीला. माझ्या तोंडातून एकच माणूस सुटला होता, हबीबभाई कलईवाले. उलट त्यांचं मी कौतुकच करत आले. ते कसं, ते सांगते. मी निर्मला, कळसाडीची. सातवीपर्यंत शाळा शिकले म्हणून हे तुम्हाला शाळेतल्या मराठीत सांगतेय. राग आला की मात्र माझ्या तोंडून अहिराणीच निघते, त्याला माझा इलाज नाही.

हा निंब आमच्या ओट्याला लागून, घर आणि गल्ली यांच्या मध्ये उभा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या गल्लीतल्या सगळ्या लेकी याच निंबाला झोका बांधतात. माझी काजल सुरतेला दिलीय. वर्षभर फोनवर ती सासूचं सांगते, पोरांचं सांगते, पण आखाजी जवळ आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "माय, झोका बांधी दिधा का?" त्या वर्षी मी तिला उत्तरच देईना. झोक्याची फांदी गल्लीकडच्या बाजूला आणि तीच बाजू खडखडीत वाळलेली. ओट्याकडे नवी पालवी, फुलांचा वास पार चुलीपर्यंत, आणि गल्लीकडे नुसत्या काड्या. होळीनंतर तिकडची एक फांदी भर दुपारी मोडून पडली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आमचे मालक लोटन आप्पा त्याच दिवशी लाकूड तोडणाऱ्या पवनला सांगून आले, की आखाजी झाली की निंब काढायचा.

"झाड मरी ऱ्हायनं," ते मला म्हणाले. "घरवर पडनं ते काय करशी?"

मी काय करणार? दोन दिवस त्यांना जेवायला वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. मी गप्प बसले म्हणजे घरात काय वातावरण असतं ते आप्पांनाच विचारा.

तर हबीबभाई. राहणारे शहाद्याचे. त्यांचे वडीलही कलईच करायचे, सायकलला भाता बांधून म्हसावद, कळसाडी अशी गावं फिरायचे. आता पितळी भांडी कोण वापरतं म्हणाल, तर रोज आम्हीही नाही वापरत. पण आखाजीला लेकी-जावई जमले की माळ्यावरची पातेली खाली उतरतातच, आणि आतून कलई नसेल तर त्यात रांधलेली आमटी कळकते, तोंडात घालवत नाही. म्हणून दर आखाजीआधी आणि दर श्रावणात कानबाईच्या सणाआधी हबीबभाईंची मोपेड गल्लीत शिरते. बसायची जागा ठरलेली, आमच्या निंबाखाली, गल्लीकडच्या अंगाला. तिथे जमिनीत त्यांच्या भट्टीचा खड्डा. दर वेळी तोच उकरायचा, कोळसे भरायचे, भाता चालवायचा. भांडं आधी तेजाबाच्या पाण्याने धुऊन घ्यायचं, मग तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. काळंकुट्ट पातेलं आतून लखलखीत! मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय आणि अजून तोंडात बोट घालते.

माणूस अबोल. मी एवढी बोलते की त्या बिचाऱ्याला जागा कुठे मिळणार, असं आप्पांचं म्हणणं. पण निघताना एक गोष्ट ते न चुकता करायचे. भांडी धुऊन उरलेलं बादलीतलं पाणी दोन्ही हातांनी उचलून निंबाच्या बुंध्याशी हळूहळू ओतायचे आणि झाडाला हात लावून तो हात छातीशी न्यायचे.

"बा सांगे," एकदा त्यांनीच मला सांगितलं होतं, "ज्या झाडनी सावली लिधी, त्याले पानी पाज्याबिगर उठानं नई."

मला हे इतकं आवडायचं! सुनांना बोलावून दाखवायची मी. म्हणायची, बघा गं, परगावचा माणूस असून झाडाला पाणी पाजून जातो, आणि तुमच्या हातून तुळशीला तांब्याभर पडत नाही.

त्या वर्षी मोपेडवर पुढे, भात्याच्या पेटीवर, एक पोरगी बसलेली होती. मोठे डोळे, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, फ्रॉकच्या खिशात काय काय कोंबलेलं. हबीबभाईंची लेक यास्मीन दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिची ही मोठी पोर, अस्मा, सहा वर्षांची. घरात राहिली की आईला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची, म्हणून तिला आजोबांच्या गळ्यात बांधलेलं.

"भाभी, यंदा तुमनासाठे जोडीदारीन आनी," हबीबभाई हसत म्हणाले. "हाई पन बोलताना थकस नई."

घ्या! अबोल माणूस बोलला तर हे बोलला. पण खोटं नव्हतं त्यांचं. पोरीची जीभ हिंदीतून अहिराणीत नि अहिराणीतून हिंदीत नुसती उड्या मारायची. मला ती पहिल्याच दिवशी "मोठी माय" म्हणायला लागली. मोठी माय, खार डोकं खाली करून उतरते, तिला चक्कर येत नाही का? मोठी माय, निंब कडू तर फुलांना गोड वास कसा? आणि मधमाशी ही फुलं चोखते, मग तिचा मध कडू असेल का?

"माले काय माहीत? मी काय मधमाशी शे का?" मी खेकसले आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, की घे बाई, तोंड बंद ठेव जरा. पण घरात जाऊन कणीक मळायला बसले तर माझ्याच डोक्यात ती खार उलटी उतरायला लागली. खरंच, चक्कर येत नसेल का तिला?

आखाजीआधी गल्लीभरची भांडी जमतात, त्यामुळे हबीबभाईंचं काम चांगलं तीन-चार दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटा झाडायला आले तर अस्मा निंबाखाली पोटावर पालथी पडलेली, हनुवटी मातीत.

"काय देखी ऱ्हायनी व तू?"

"मुंग्या," ती मान न वळवता म्हणाली. "त्या वाकड्या चालतात."

वाकड्या कशाला चालतील? मी खराटा घेऊनच वाकले. ओट्याच्या भेगेतून मुंग्यांची रांग निघत होती, ती निंबाच्या मुळापर्यंत येत होती आणि तिथे ओट्याकडेच वळून झाडावर चढत होती. गल्लीकडच्या अंगाला एकही मुंगी नाही. इतकी वर्षं हे अंगण मी रोज झाडलं, पण हे कधी दिसलं नव्हतं मला. दिसणार कसं? मी मुंग्या बघत नाही, मी त्यांच्यावर हळद टाकते.

मग पोरीने कालच्या गुळाचा उरलेला खडा खिशातून काढला, दाताने तोडून त्याचे तुकडे केले आणि झाडाभोवती गोल ठेवले. मला म्हणाली, आता थांबायचं. मी म्हटलं, मला कामं आहेत. आणि थांबले. चहा झाला, भाकरी झाल्या, दर वेळी मी काहीतरी निमित्त काढून बाहेर येऊन बघायची. ओट्याकडचे तुकडे मुंग्यांनी काळे झाले, उचलून नेले. गल्लीकडचे जसेच्या तसे, उन्हाने पाघळून मातीला चिकटले.

"आठे मुंग्या काबरं येतस नई?" अस्माने विचारलं.

"भट्टीचा ताप लागत असेल."

"भट्टी रोज असते?"

"रोज कशाला? वर्षातून दोनदा."

"मग बाकीच्या दिवशी मुंग्यांना कोण अडवतं?"

आप्पा ओट्यावर खाटेवर बसून हे ऐकत होते आणि त्यांना फार मजा वाटत होती. मी सरळ आत जाऊन खुरपं आणलं. आधी ओट्याकडे खणलं. तिथे मी रोज भांड्यांचं खरकटं पाणी टाकते, त्यामुळे माती काळी, भुसभुशीत. एक गांडूळ निघालं, निंबाची बारीक ओली मुळं निघाली. अस्माने गांडूळ तळहातावर घेतलं आणि विचारलं, याचे डोळे कुठे आहेत? मी म्हटलं, डोळे असोत नसोत, त्याला ऊन सोसत नाही, ठेव परत. तिने त्याला मातीत ठेवून वरून माती पांघरली आणि थोपटली, बाळाला थोपटतात तशी.

मग गल्लीकडे खणलं. खुरपं खण्णकन वाजलं. मातीवर पांढरट पापुद्रा, खाली ढेकळं, ना गांडूळ ना मुंगी, साधी हरळीची काडी नाही. मुळं सापडली ती हातात घेताच कटकन मोडली. पोरगी तो पांढरा पापुद्रा जिभेला लावून बघणार, तेवढ्यात मी तिच्या हातावर चापट मारली.

"काय डॉक्टरीनबाई, रोग सापडना का?" आप्पांनी ओट्यावरून विचारलं.

"सापडी," मी फणकाऱ्याने म्हटलं. पण मनातून मला भीती वाटत होती. एवढी मेलेली माती बघून वाटलं, आप्पांचंच खरं, हे झाड आता जाणार.

दुपारभर कलईचं काम चाललं. हबीबभाई तेजाबाच्या बादलीत भांडं बुडवायचे आणि अस्मा जवळ आली की दर वेळी ओरडायचे, "हाथ मत लगाना बेटा, जल जाएगा!" त्यांची स्वतःची बोटं पाहिलीत तर कळेल, तेजाबाने नखांच्या कडा खाल्ल्यात. ऊन उतरलं, शेवटचं पातेलं झालं. त्यांनी भट्टी विझवली, हात पुसले आणि नेहमीसारखी ती बादली दोन्ही हातांनी उचलून निंबाकडे निघाले. मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. अस्मा त्यांच्या मागे मागे.

त्यांनी बादली कलती केली आणि ती म्हणाली, "नाना, हाई पानीमा मन्हा हात जळस. ते झाड नई जळस का?"

अगदी साधं विचारलं तिने, खारीचं विचारलं तसंच. हबीबभाईंचे हात तिथेच थांबले. त्यांनी बादलीत बघितलं, मग आम्ही सकाळी खणलेल्या पांढऱ्या मातीकडे बघितलं, मग वर वाळलेल्या फांदीकडे. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. सगळं एकदम समजलं मला.

"बा चिंचनं पानी वापरे," ते हळू म्हणाले. "चिंच आनि राख. भांडामा उभा ऱ्हाईसन पायघाई घासे." मग बादली खाली ठेवून मातीतच बसले. "तेजाब मी आनं. लवकर व्हास म्हनीसन. अन् पानी मी पाजतच ऱ्हायनू. मीच मारं, भाभी. हाई झाड मीच मारं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की मांडीवरच्या शेंगा सांडून मी उठले. "इतला वरीस मन्हा झाडले जहर पाजं तुम्ही!" मी ओट्यावरून ओरडले. "अन् मी सुनासले सांगू, शिका त्यासनापासून!" आणखी बरंच बोलले. त्यांना भट्टीच्या तापाचं नाव सांगता आलं असतं, वाळवीचं सांगता आलं असतं. मान खाली घालून ऐकत राहिले. मी थांबले ती अस्माच्या रडण्याने. तिला वाटलं, तिने विचारलं म्हणून नानाला बोलणी बसताहेत. ओठ घट्ट दाबून, आवाज न करता रडत होती पोर. मला माझीच लाज वाटली.

हबीबभाईंनी तिला जवळ घेतलं. "रो मत. तूने अच्छा पूछा," म्हणाले. आणि मग ती बादली उचलून ते ओट्यापाशी गेले, आप्पांच्या खाटेसमोर ठेवली आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. झाड तोडायचं ठरलंय हे त्यांना तेव्हाच कळलं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

आप्पा ओरडणारे नाहीत. त्यांनी बादलीकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं आणि विचारलं, "ओटाकडली बाजू कशी शे?"

मी काही बोलायच्या आत अस्मा नाक पुसत म्हणाली, "तठे गांडूळ शे. जित्तं."

आप्पांना हसू आवरलं नाही. काठी टेकत खाली उतरले, गांडूळ बघून आले. मग ठरलं ते असं. पवनने फक्त वाळलेल्या फांद्या काढायच्या. पण एका बाजूची मुळं मेलेलं झाड कधी ना कधी वाऱ्यात उन्मळून पडणारच, म्हणून वाट बघायची ती फक्त पुढच्या आखाजीपर्यंत. तोवर गल्लीकडच्या मातीत काही जिवंत दिसलं तर झाड राहील, नाही तर जाईल. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द, तो मलाही फिरवता येत नाही.

त्या आखाजीला झोका बांधला नाही. काजल आली, बोडक्या बाजूकडे बघत ओट्यावर बसून राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

हबीबभाईंनी तर बादली आप्पांपुढे ठेवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी भट्टी हलवली होती, पार गल्लीच्या टोकाला, उघड्यावर. वैशाखाचं ऊन, वर डोक्याला टॉवेल आणि पुढ्यात निखारे. आप्पा म्हणाले, ओट्याच्या सावलीत बसा, ऐकलं नाही. तेजाबाचा कॅन झाकण लावून परत नेला, आणि चिंच-राखेने भांडी घासायला लागले. वेळ फार लागायचा. बायका कुरकुरायला लागल्या. मी म्हटलं, ज्यांना घाई आहे त्यांनी स्टीलमध्ये रांधा. चिंच मी घरातली दिली.

कलई संपली तरी ते येत राहिले. फावड्याने ती पांढरी माती खोलवर उकरली, पोत्यांत भरली. आता ही टाकायची कुठे, हा प्रश्न कुणी विचारला ते सांगायला नको. कुठेही टाकली तरी तिथे कुणाचं ना कुणाचं झाड असणारच. शेवटी गल्लीत सिमेंटचा रस्ता होत होता, त्याच्या भरावात गेली ती. खड्ड्यात नाल्याचा गाळ आणि आमच्याकडचं मुरलेलं शेणखत भरलं. पावसाळ्यात, कानबाईला, दिवाळीनंतर, जमेल तेव्हा मोपेड दारात थांबायची. अस्माला नानाकडेच ठेवून शाळेत घातलेलं, त्यामुळे ती आता शाळेच्या गणवेशात. उतरली की आधी माझ्याकडे हात पसरायची, गूळ दे. जुन्या खड्ड्यापाशी खडा ठेवायची आणि बसायची. खडा तसाच राहायचा. दर वेळी तसाच. हबीबभाई बघायचे आणि गाडी सुरू करायचे.

मला चैन पडेना. खरकट्या पाण्याची बादली मी तिकडे न्यायला लागले. एकदा तर ओट्याकडची गांडुळं ओल्या मातीसकट वाटीत उचलून तिकडे सोडून आले. आप्पांना सांगितलं नाही. या वयात गांडुळं नेताना दिसले असते तर जन्मभर चिडवलं असतं त्यांनी.

आणि आखाजी आली. पवन कुऱ्हाड आणि दोर घेऊन सकाळीच हजर. त्याला चहा दिला, म्हटलं, जरा थांब. मोपेड आली. अस्माचे पुढचे दात पडलेले, त्यामुळे गूळ दाताने तोडता येईना, नानाने तोडून दिला. तिने तो जुन्या खड्ड्याच्या जागी ठेवला आणि आम्ही सगळे भोवती बसलो. आप्पा गुडघे धरून उकिडवे, हबीबभाई, मी, आणि चहाचा ग्लास घेतलेला पवनसुद्धा. एवढ्यात फोन वाजला. काजल बसमध्ये होती. "माय, झोका?"

"थांब व माय, मुंगी येऊ दे," मी म्हटलं आणि फोन मांडीवर ठेवला.

ओट्याकडून रांग नेहमीसारखी आली आणि नेहमीसारखी वळली. सगळ्या वळल्या. हबीबभाईंनी डोळे मिटून घेतले. मग एक मुंगी वळणावर थांबली. मिशा हलवल्या, थोडी इकडे, थोडी तिकडे, परत मागे. आणि ती रांग सोडून निघाली, नव्या मातीवरून, ढेकळावरून चढत उतरत, सरळ गुळाकडे.

"उनी!" मी ओरडले. "उनी व माय, उनी!" आयुष्यभर मुंग्यांवर हळद टाकणारी मी, एक मुंगी आली म्हणून भर गल्लीत टाळ्या वाजवत होते, आणि डोळ्यांतून पाणी. फोनमधून काजल विचारतेय, "कोन उनी? माय, कोन उनी?"

"मग झाड काढू का नको?" पवनने विचारलं.

आप्पा उठले, त्याच्या खांद्यावरचा दोर काढून घेतला आणि म्हणाले, "कुऱ्हाड ठेव. ओटाकडली फांदीले झोका बांध."

हबीबभाईंनी नळाखाली बादली भरली. दोन्ही हातांनी उचलून निंबापाशी आणली आणि तिथेच थांबले. ओतेनात. अस्मा त्यांच्याजवळ गेली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला. थोडा वेळ तसाच ठेवला, बाहेर काढून उलटासुलटा करून बघितला.

"आते पाज, नाना," ती म्हणाली.